उणे ३८ अंशांत पेट्रोल गोठलं नव्हतं: विनिपेगमधल्या एका गाडीचं प्रकरण

पार्श्वभूमी

कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतातल्या विनिपेग शहरातली ही गोष्ट. ज्यांच्याबाबत ती घडली त्यांची ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. नवराबायको दोघेही नाशिकचे, जून महिन्यात इथे आलेले. आल्या आल्या त्यांनी नऊ वर्षं वापरलेली, दोन लिटर पेट्रोल इंजिनाची एक सेडान घेतली. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात पन्नास लिटरची टाकी पूर्ण भरली. त्यानंतर गाडी फारशी चाललीच नाही. तो बसने कामाला जायचा, ती घरूनच काम करायची. नोव्हेंबरच्या शेवटी धाकट्या बहिणीच्या लग्नासाठी दोघं भारतात गेली तेव्हा टाकी पाऊणहून थोडी जास्त भरलेली होती. गाडी इमारतीमागच्या उघड्या पार्किंगमध्ये राहिली.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात, एका शुक्रवारी रात्री ती दोघं परतली. सोबत त्याची आई होती. सोमवारी सकाळी सातला सूनबाईंना नव्या नोकरीवर रुजू व्हायचं होतं, शहराच्या अगदी कडेला, जिथे इतक्या लवकर बस पोहोचत नाही. म्हणजे हातात शनिवार आणि रविवार होते.

माझा संबंध असा की मी पिंपरीत काही वर्षं इंजिनांच्या चाचण्या करत होतो आणि आता अठरा वर्षं विनिपेगला आहे. थंडीत कुणाची गाडी अडली की आपल्या लोकांत माझा नंबर फिरतो. या प्रकरणात मी मदतही केली आणि एक मोठी चूकही केली. दोन्ही खाली लिहिलं आहे.

अडचण

शनिवारी सकाळी तापमान उणे ३८ होतं. त्याने किल्ली फिरवली. इंजिन फिरलं, पण इतकं जड की प्रत्येक फेरा वेगळा ऐकू यावा. पेट घेतला नाही. त्याने पुन्हा सेल मारला, मग पुन्हा. दहा-दहा सेकंदांचे आठ प्रयत्न झाले आणि बॅटरी बसली. शेजाऱ्याच्या गाडीवरून जम्प केबल लावल्यावर इंजिन जरा जोरात फिरलं, तरी सुरू होईना. शिवाय पेट्रोलचा काटा नोव्हेंबरपेक्षा थोडा खाली दिसत होता, म्हणून टाकी गळते की काय अशीही शंका आली.

घरच्या व्हॉट्सॲप गटावर निरोप गेला: पेट्रोल गोठलंय. तासाभरात उपाय यायला लागले. कुणी म्हणालं, टाकीवर उकळतं पाणी ओता. त्याचे मामा सैन्यात असताना लेहला होते. त्यांनी फोनच केला, "टाकीखाली शेगडी ठेवा, आम्ही तिकडे रोज हेच करायचो." मामांचा अनुभव खोटा नव्हता, पण तो डिझेलचा होता. डिझेलमध्ये मेण असतं. थंडीत ते मेण बाहेर पडून फिल्टर बुजवतं आणि आपल्याकडे मिळणारं साधं डिझेल लडाखच्या हिवाळ्यात टिकत नाही. म्हणूनच इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं वेगळं हिवाळी डिझेल आणलं. तोवर तिथले ट्रकवाले टाकीखाली जाळ करायचे, तो नाइलाज होता. पेट्रोलच्या टाकीखाली तसा जाळ करणं म्हणजे आत्महत्या.

अकराच्या सुमारास मला त्याचा फोन आला. "काका, पेट्रोल गोठलंय, शेगडी आणतोय." मी त्याला म्हटलं, "काही करू नकोस. किल्लीसुद्धा फिरवू नकोस. मी निघालो."

गोठलं नव्हतं, मग झालं काय?

पुण्या-नाशिकच्या थंडीत खोबरेलाची बाटली घट्ट झालेली आपण सगळ्यांनी पाहिली आहे. त्यामुळे तेलासारखं जे काही असेल ते थंडीत थिजणारच, असं मनात बसलेलं असतं. पेट्रोलची गोष्ट वेगळी आहे. ते शेकडो हायड्रोकार्बनांचं मिश्रण आहे आणि त्याला एकच असा गोठणबिंदू नाही. त्यातलं पेंटेन उणे १३०ला गोठतं, टोल्युइन उणे ९५ला, आयसोऑक्टेन उणे १०७ला, साधं ऑक्टेन उणे ५७ला. बेंझिन एकटं असेल तर अधिक साडेपाच अंशांतच गोठतं, पण इतरांत विरघळलेलं असलं की तेही वाहत राहतं. सैबेरियातल्या याकुत्स्कमध्ये उणे ५०ला गाड्या चालतात त्या पेट्रोलवरच. विनिपेगच्या उणे ३८ने पेट्रोल थिजण्याचा प्रश्नच नव्हता.

थंडीत बिघडतं ते पेट्रोलचं बाष्प होणं. ठिणगीने पेट घेते ती हवेत मिसळलेली वाफ, द्रव जळत नाही. हवेत पेट्रोलची वाफ साधारण दीड टक्क्याखाली गेली की मिश्रण पेटतच नाही. उघड्या भांड्यातल्या पेट्रोलवर तेवढी वाफ साधारण उणे ४३ अंशांपर्यंत तयार होते. भांड्यात वाफेला हवा तेवढा वेळ असतो. इंजिनात तो क्षणाच्याही अंशाइतका असतो. इंजेक्टरमधून उडालेलं पेट्रोल थंडगार धातूच्या भिंतीवर बसतं आणि त्यातला फक्त सर्वांत हलका भाग उडतो, उरलेलं भिंतीवर ओघळत राहतं. ते भरून काढायला गाडीचा संगणक नेहमीच्या कितीतरी पट पेट्रोल सोडतो. थंडीच्या सकाळी बजाज स्कूटर तिरकी करून, चोक ओढून किक मारायचो, तेव्हा आपण हेच हाताने करत होतो. पेट्रोल जास्त घालायचं, म्हणजे त्यातला थोडा तरी भाग वाफेत येईल.

आता सप्टेंबरच्या पेट्रोलकडे येऊ. माझ्या मते या प्रकरणाचं मूळ तिथेच आहे. कॅनडात रिफायनऱ्या ऋतूप्रमाणे पेट्रोल बदलतात. हिवाळ्यात त्यात ब्युटेन जास्त घालतात. आपल्या स्वयंपाकाच्या सिलिंडरात असतं तेच ब्युटेन, जे उणे अर्ध्या अंशालाच उकळतं. पेट्रोल किती उडतं ते ३७.८ अंशांवर बाष्पदाब मोजून ठरवतात. कडक हिवाळ्याच्या पेट्रोलचा बाष्पदाब शंभर किलोपास्कलच्या आसपास जातो, उन्हाळ्यातलं साठ-सत्तरच्या घरात असतं. उन्हाळ्यात हिवाळी पेट्रोल चाललं तर नळीतच वाफ धरून गाडी अडते, म्हणून हा फरक मुद्दाम ठेवतात. त्यांच्या टाकीत जवळपास अडतीस लिटर उन्हाळी पेट्रोल होतं, म्हणजे उणे ३८ला पेट घ्यायला लागणारा हलका भाग मुळातच कमी.

काटा खाली आला त्यामागे गळती नव्हती. पेट्रोल दर अंशाला साधारण हजारात एक भाग आकसतं. सप्टेंबरच्या पंधरा अंशांपासून उणे ३८पर्यंत म्हणजे त्रेपन्न अंश. चाळीस लिटरचे अडतीस दिसतात, आणि त्यातला बराचसा फरक नोव्हेंबरनंतरच्या थंडीत पडला. इंधन कुठे गेलेलं नव्हतं, नुसतं आक्रसलं होतं.

समोरचे पर्याय

मी पोहोचल्यावर आधी इंजिनातला एक स्पार्क प्लग काढला. तो पेट्रोलने ओला निघाला. या एका गोष्टीवर बराच निर्णय झाला. प्लग ओला म्हणजे पेट्रोल टाकीतून निघून सिलिंडरपर्यंत पोहोचलं. ते गोठलेलं नाही आणि नळीत पाण्याचा बर्फ धरून वाटही बंद झालेली नाही. गाडी ओव्हरफ्लो झाली होती, आठ प्रयत्नांत न जळलेलं पेट्रोल आत साचलं होतं. बॉनेटखालच्या चिठ्ठीवरून कळलं की आधीच्या मालकाने १०डब्ल्यू-३० ऑइल घातलेलं आहे (डब्ल्यूआधीचा आकडा जितका लहान, तितकं ऑइल थंडीत पातळ राहतं). १०डब्ल्यू ऑइलची थंडीतली परीक्षा उणे २५ अंशांवर होते, ०डब्ल्यूची उणे ३५वर. म्हणजे हे ऑइल आपल्या हद्दीच्या तेरा अंश पलीकडे होतं. इंजिन जड फिरत होतं ते यामुळे आणि थंडीत निम्म्याहून कमी जोर उरलेल्या बॅटरीमुळे.

टाकीत अल्कोहोलची बाटली ओतावी असं शेजाऱ्याचं म्हणणं होतं. नळीत बर्फ झाला असता तर त्याचा उपयोग झाला असता. मॅनिटोबातल्या साध्या पेट्रोलमध्ये इथेनॉल आधीच असतं आणि ते थोडं पाणी सामावून घेतं. शिवाय इथेनॉलचं बाष्प व्हायला पेट्रोलच्या अडीच पट उष्णता लागते, त्यामुळे सुरू होण्याच्या त्रासात अल्कोहोलने भरच पडली असती. तो पर्याय सोडला.

ईथरचा फवारा दुकानात मिळतो. हवेच्या नळीत मारला की थंड इंजिन पेटतं, हे खरं. पण आत पेट्रोल साचलेलं असताना तो मारायला मी तयार नव्हतो. इंजिन उलटी लाथ मारतं आणि हवेच्या नळीतून ज्वाळा बाहेर येऊ शकते.

टो करून गरम गॅरेजमध्ये नेणं सर्वांत सुरक्षित होतं. थंडीची लाट असली की रस्त्यावरच्या मदतीसाठी रांग लागते. त्याला फोनवर सांगितलं की रविवार संध्याकाळपर्यंत कुणी येणार नाही. आम्ही नंबर लावून ठेवला आणि दुसरा मार्ग धरला.

उरला ब्लॉक हीटर. इथल्या जवळजवळ प्रत्येक गाडीच्या इंजिनात साधारण ४०० वॅटची ही कांडी असते आणि तिची वायर पुढच्या जाळीतून लोंबत असते. ती कशासाठी आहे हे या घरात कुणाला माहीतच नव्हतं. लोकांना वाटतं ती ऑइलसाठी आहे. खरं तर ती इंजिनातलं कूलंट, म्हणजे न गोठणारं पाणी, तापवते, त्यासोबत सिलिंडरचं डोकं आणि पेट्रोल जिथे उडतं ती भिंतही तापते. म्हणजे बाष्प होण्याची अडचण जिथे आहे नेमकी तिथेच ऊब पोहोचते. टाकी तापवून हे साधत नाही. टाकीतलं गरम पेट्रोल नळीतून पुढे जाईपर्यंत गार होतं आणि शेवटी उणे ३८च्या धातूवरच पडतं.

शेगडीच्या सल्ल्याबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण हा सल्ला दर हिवाळ्यात ऐकू येतो. नाशिकच्या तीस अंशांत पेट्रोलच्या बंद टाकीत वाफ इतकी दाट असते की आत हवा पुरत नाही आणि टाकीच्या आत सहसा पेट घेत नाही. हवेत वाफ साडेसात टक्क्यांच्या वर गेली की मिश्रण जळण्याच्या पलीकडे जातं. कडाक्याच्या थंडीत वाफ कमी होते आणि टाकीतलं मिश्रण जळण्याच्या मापात येऊ शकतं. म्हणजे उणे ३०-४०ला पेट्रोलची टाकी आपल्या नेहमीच्या अनुभवापेक्षा जास्त धोक्याची असते. वर या हवेत आर्द्रता नावालाही नसते, लोकरी कपड्यांतून ठिणग्या उडतात. गाडी पेट घेत नाही म्हणजे पेट्रोल निर्जीव झालंय, असं कुणी समजू नये.

काय केलं

आधी माझी चूक सांगतो. त्याला अजून पटत नव्हतं. मामा फोनवर होते, आई खिडकीतून पाहत होती. मला वाटलं, एकदा डोळ्यांनी दाखवावं. माझ्या गाडीत ऑगस्टमध्ये गवत कापायच्या यंत्रासाठी भरलेला पेट्रोलचा लाल डबा होता. तो माझ्या थंड गॅरेजमधूनच आला होता, म्हणजे आतलं पेट्रोलही उणे तिशीत होतं. काचेची एक बरणी बर्फावर ठेवली आणि त्याला म्हटलं, "ओत." पेट्रोल पाण्यासारखं वाहिलं. त्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला आणि त्याच क्षणी डब्याचं तोंड घसरून घोटभर पेट्रोल त्याच्या लोकरी हातमोज्यावर सांडलं.

उणे ३८ला पाणी अंगावर सांडूच शकत नाही, ते आधीच बर्फ झालेलं असतं. पेट्रोल द्रवच राहतं, आणि ते उणे ३८चं असतं. लोकरीतून ते थेट कातडीला भिडतं, तिथली उष्णता ओढून घेतं आणि उडतानाही आणखी ओढतं. त्याने मोजा काढला तोवर तर्जनी आणि मधल्या बोटाची टोकं मेणासारखी पांढरी पडली होती. त्याला काही दुखत नव्हतं आणि मला भीती वाटली ती त्याचीच. घरात नेऊन हात हातावर घासायला आई पुढे झाली. "आई, चोळू नका," एवढं मी म्हणू शकलो. पेट्रोल साबणाने धुतलं, मग अंगाच्या तापमानाइतक्या कोमट पाण्यात बोटं अर्धा तास ठेवली. रंग परतला तेव्हा तो ओरडला, इतक्या कळा आल्या. डॉक्टरांना दाखवलं. हिमदंश वरवरचा निघाला.

दुपारनंतरचं काम मी एकट्याने केलं. बॅटरी काढून घरात आणली. ती फुगलेली किंवा तडकलेली नाही हे आधी पाहिलं. उतरलेली बॅटरी उणे दहाच्या आसपासही गोठू शकते आणि गोठलेल्या बॅटरीला चार्जर लावला तर ती फुटते. खोलीच्या तापमानाला येऊ दिली आणि रात्रभर मंद चार्जिंगवर ठेवली. चारही प्लग काढून पुसले आणि रात्रभर घरात गरम जागी ठेवले.

पार्किंगमधल्या खांबावरचा विजेचा प्लग बंद निघाला. तळमजल्यावरच्या शेजाऱ्यांच्या परवानगीने त्यांच्या खिडकीतून वायर ओढली. घरातली साधी वायर या थंडीत काचेसारखी तडकते, म्हणून माझी बाहेर वापरायची जाड वायर आणली. रात्री अकराला ब्लॉक हीटर सुरू झाला. आईंनी नाशिकहून आणलेली गोधडी पुढे केली, "भाऊ, ही टाका वरून." बॉनेटवर ती टाकली. ऊब धरून ठेवायला गोधडीसारखं काही नाही. इंजिन सुरू करण्याआधी ती न विसरता काढायची, एवढी सूचना मी दारावर लिहून चिकटवली.

परिणाम

रविवारी सकाळी उणे ३५ होतं. प्लग आणि बॅटरी बसवली, सायलेन्सरच्या तोंडावरचा बर्फ काढला. पहिल्या वेळी ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून पाच सेकंद सेल मारायला सांगितला. इंजेक्टरच्या बहुतेक गाड्यांत असं केलं की संगणक पेट्रोल बंद करतो आणि साचलेलं पेट्रोल हवेबरोबर बाहेर पडतं. दुसऱ्या वेळी पेडलला पाय न लावता. इंजिन खोकलं. तिसऱ्या वेळी दोन सिलिंडर लागले, मग चारही.

पुढचा पेच पेट्रोलचाच होता. थंडीत टाकी भरलेली ठेवा म्हणजे आत ओल धरत नाही, असं इथे सगळे सांगतात आणि ते योग्यच आहे. पण इथे टाकी भरलेली होती ती चुकीच्या पेट्रोलने, आणि नव्याला जागा बारा लिटरचीच होती. तेवढं हिवाळी पेट्रोल भरलं. मग मी सुचवलं की शहराभोवतीच्या पेरिमीटर हायवेला एक फेरी मारा. नव्वद किलोमीटरची ती फेरी झाली की जुनं पेट्रोल थोडं जळेल, बॅटरी भरेल, ऑइलमधलं पाणी आणि पेट्रोल उडेल. फेरी झाली. परत येऊन आणखी आठ लिटर भरलं.

सोमवारी उणे ३३ला, रात्रभर हीटर लावलेली गाडी पहिल्या सेलला सुरू झाली आणि सूनबाई वेळेवर पोहोचल्या. बुधवारी ऑइल बदललं. डिपस्टिकवर पातळी वरच्या खुणेच्याही वर होती आणि ऑइलला पेट्रोलचा वास येत होता. आठ सेलमधलं न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरून ऑइलमध्ये मिसळलं होतं. आता गाडीत ०डब्ल्यू-२० आहे.

त्याच्या तर्जनीचं टोक मात्र अजूनही थंडीत आधी बधिर होतं. तसं पुढची काही वर्षं होऊ शकतं, असं डॉक्टरांनी सांगितलं आहे.

वेगळं काय करता आलं असतं

पहिला निर्णयक्षण शनिवारी सकाळचा, तिसऱ्या सेलनंतरचा. तीन वेळा पेट घेतला नाही तर चौथ्यांदा घेण्याचं काही कारण नसतं. वाढतं ते फक्त सिलिंडरमधलं पेट्रोल. तिथेच थांबून हीटर लावला असता तर बॅटरी, प्लग आणि ऑइल तिन्ही वाचले असते.

पेरिमीटर हायवेचा माझा सल्ला मी आज देणार नाही. ऑइलमध्ये पेट्रोल मिसळलंय अशी शंका मला त्या दिवशीच होती, आणि डिपस्टिक पाहायला दोन मिनिटं लागली असती. पातळ झालेल्या ऑइलवर इंजिन हायवेच्या वेगाने पळवलं आणि गाडी उणे ३५ला शहराबाहेर बंद पडली असती तर आत तिघं होती. मी मागून माझी गाडीही नेली नव्हती. शहरातल्या शहरात, घरापासून दोन-चार किलोमीटरच्या आत फेऱ्या मारूनही तेच साधलं असतं.

डब्याचा प्रयोग तर करायलाच नको होता. ओला प्लग माझ्या हातात होता, तेवढा पुरावा पुरे होता. त्याला पटवून द्यायची मला घाई झाली आणि उघड्या हवेत थंड पेट्रोल ओतायला मी ते अशाच्या हातात दिलं, ज्याने आयुष्यात पहिल्यांदा अशी थंडी पाहिली होती. ओतायचंच होतं तर रबरी मोजे घालून मी स्वतः ओतायला हवं होतं.

नोव्हेंबरकडे पाहिलं तर दीड-दोन महिन्यांसाठी गाडी उघड्यावर ठेवून जाणाऱ्याने ऑक्टोबरच्या मध्यापासून टाकी पाव होईपर्यंत चालवावी, मग पंपावरचं नवं पेट्रोल भरावं, बॅटरी घरात आणून ठेवावी आणि खांबावरचा प्लग चालू आहे का ते दिव्याने तपासावं. पुढच्या वर्षी त्याने हे सगळं केलं. नवं कुटुंब विनिपेगला आलं की हल्ली मी ऑगस्टमध्येच जाऊन गाडीच्या जाळीतून लोंबणारी वायर दाखवतो आणि ऑइलची चिठ्ठी वाचतो. माझ्या गॅरेजमधला लाल डबा पहिल्या बर्फाआधी मी माझ्याच गाडीत रिकामा करतो.